मैंदर्गीचा हवापालट

सोलापूरच्या पुढेही महाराष्ट्र आहे, हे पुण्यामुंबईच्या मंडळींना नकाशावर बोट ठेवून दाखवावे लागते. अक्कलकोटपर्यंत ठीक, स्वामींच्या दर्शनाला घरटी कोणी ना कोणी जाऊन आलेले असतेच. पण अक्कलकोटच्या स्थानकावर दुधनीची एस. टी. धरून पुढे निघालात, की तुम्ही प्रवासी राहत नाही, पाहुणे होता. शेजारचा मनुष्य प्रथम कानडीत काहीतरी विचारतो, मग तुमचा चेहरा पाहून मराठीत विचारतो, "कुणाच्यात जायचंय?" आणि उत्तर ऐकल्यावर तुम्ही कुठे उतरायचे ते तोच ठरवतो. ह्या रस्त्यावर मैंदर्गी आहे. नगरपरिषद आहे म्हणून कागदोपत्री शहर; पण गल्लीत वळलात की कडब्याचा वास येतो. घरात कानडी, कचेरीत मराठी आणि भांडणात दोन्ही. दुधनी ओलांडली की थोड्या वेळात कर्नाटक लागते.

आमची थोरली बहीण, अक्का, ह्या गावी दिली. आम्ही सोलापूरचे असलो तरी घरात मराठीच. लग्नाच्या वेळी 'बा' म्हणजे ये आणि 'होगु' म्हणजे जा, एवढ्या दोन शब्दांच्या शिदोरीवर ती सासरी गेली. आज ती स्वप्नेसुद्धा कानडीत पाहते, असा दाजींचा दावा आहे.

२०२५ च्या डिसेंबरात तिचा फोन आला. वेळ अमावास्येला या, म्हणाली; आणि मग आवाज खाली आणून दुसरी गोष्ट सांगितली. दाजी तिसरी बोअर घ्यायच्या बेतात होते. आधीच्या दोन कोरड्या गेलेल्या; एक तर साडेपाचशे फूट खाली जाऊन नुसता धुरळा उडवून थांबली. आता तिसरीला पाणी लागणार आणि सहा एकरांपैकी तीन एकर ऊस होणार, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. पैशासाठी अक्काच्या पाटल्या गहाण पडणार होत्या. "तू जरा बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील," अक्का म्हणाली. मराठीच्या प्राध्यापकाचे वर्गात कोणी ऐकत नाही, ते बोअरच्या बाबतीत काय ऐकणार! पण बहिणीला असे सांगता येत नाही.

सौभाग्यवती आणि कन्या, असे आम्ही निघालो. कन्या विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात गीझर किती मिनिटे चालावा, भाजीला कोणती पिशवी न्यावी, ह्याचे नियम तिने केले असून ते मोडणाऱ्यास तीव्र नजरेची शिक्षा असते. सोलापूर सोडल्यावर उजव्या हाताला दूर एक उंच चिमणी दिसली. "औष्णिक केंद्र," ती म्हणाली. "दोन संच, प्रत्येकी सहाशे साठ मेगावॅटचे, एक २०१७ साली सुरू झाला, दुसरा २०१९ साली. सगळा कोळसा." तिने ते ज्या स्वरात म्हटले, त्यावरून दाजींच्या बोअरचे भवितव्य मला कळून चुकले.

वेळ अमावास्या हा सण पुण्याच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. मार्गशीर्षातली अमावास्या. रब्बीची ज्वारी शेतात उभी असते आणि त्या दिवशी सारे गाव घराला कुलूप घालून शेतात जेवायला जाते. लातूर, धाराशिव, सोलापूरची ही बाजू आणि पलीकडचा कर्नाटक, एवढ्याच मुलखाचा हा ठेवा आहे. शेतात कडब्याची कोप उभारतात, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, आणि मग जेवण. बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि 'भज्जी' नावाची एक अद्भुत भाजी. तळलेली भजी समजून हात पुढे करणारा पुणेकर फसतो. ही हिरव्या पालेभाज्या, ओले दाणे आणि चण्याचे पीठ ह्यांची दाट आमटीसारखी भाजी असते, आणि तिला सोलापूरच्या थंडीतच चव येते. वर माठातली आंबिल. ताक, ज्वारीचे पीठ आणि लसूण ह्यांतून इतकी गार, आंबूस वस्तू निर्माण होऊ शकते, हे ज्याने शोधले त्याचे नाव इतिहासात नाही. जेवणाआधी घरचा कर्ता शेताच्या चारी बाजूंनी अन्न शिंपडत जातो. कानडीत ह्याला चरग म्हणतात. आधी जमीन जेवते, मग माणसे.

दाजी चरग टाकून आले ते गप्प होते. ज्वारी ह्या दिवसांत पोटरीला यायची, ती यंदा जेमतेम गुडघ्याएवढी होती. कारण सप्टेंबर २०२५ चा पाऊस. त्या महिन्यात सीनेला महापूर येऊन जिल्ह्यातली कितीतरी गावे पाण्यात गेली. मैंदर्गी नदीकाठी नाही. तरी दाजींच्या काळ्या रानात पाणी साचून राहिले, तूर जागेवर वाळली आणि वाफसा न आल्याने ज्वारीची पेरणी लांबली.

पहिला उंडा संपायच्या आत कन्येने विषय काढला. २०२४ हे मोजदाद सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, पृथ्वीचे तापमान कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा दीड अंशाहून वर गेले, ही सुरुवात. मग ऊस. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे दीड-दोन हजार मिलिमीटर पाणी मागणारे पीक घेणे म्हणजे पुढच्या पिढीचे पाणी पिणे. एकूण एक वाक्य खरे होते. दाजींनी ते सगळे ऐकून घेतले आणि तिच्या ताटात आणखी भज्जी वाढली.

मग म्हणाले, "बाळ, तूर दोन दिवस पाण्यात उभी राहिली की मेली. बघितलीस की, तिकडं वाळलेली. ऊस आठ दिवस पाण्यात उभा राहतो, आणि परत माझ्याकडं बघून हसतो. त्याचा भाव सरकार आधी सांगतं. तुरीचा कोण सांगतं? तू म्हणतेस हवा बिघडली, म्हणून ऊस नको. मी म्हणतो हवा बिघडली, म्हणूनच ऊस."

ह्याला तिच्याजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते. वर दाजींनी शांतपणे जोडले, "आणि येताना ती चिमणी बघितली असशील. ती काय माझ्यासाठी धूर सोडते? माझ्या मोटारीला वीज रात्री येते. साप-किरडं बघत मी रात्री दोन वाजता पाणी धरायला जातो. पुण्यात गार हवा सोडून झोपलेली माणसं मला सांगतात, जपून राहा म्हणून."

जेवण चालूच राहिले. पण आंबिलीसाठी कोणी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली नाही. अक्का माझ्याकडे पाहत होती.

कोंडी फोडली ती अव्वांनी, म्हणजे दाजींच्या आईने. त्या पंचाहत्तरीच्या घरात आहेत. पोरगी एवढ्या तावातावाने काय सांगते आहे, असे त्यांनी कानडीत विचारले. दाजी म्हणाले, "हवामान बदल." अव्वा चकित झाल्या. "हवा बदलायला माणसं पन्हाळ्याला जातात. त्यात रागवायचं काय?"

सगळे हसले, पण भाषेच्या मास्तराला त्या प्रश्नाने पुढे पुष्कळ दिवस पुरेल एवढे काम दिले. आपल्या भाषेत हवाबदल, हवापालट हे दुखणाइतांना दिलासा देणारे शब्द. क्षयातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हवापालट सांगत. एवढ्या मोठ्या अरिष्टासाठी आपण नेमका तोच शब्द निवडला, आणि तो ऐकून कोणी दचकत नाही म्हणून आश्चर्य करतो.

कन्येने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. सांगायचे सोडून तिने विचारले, "अव्वा, तुझ्या लहानपणी पाऊस कसा होता?"

अव्वांनी नक्षत्रे मोजली. मृग यायचा, निघून जायचा. त्याच्यावर ह्या मुलखाने कधी भरवसा टाकला नाही. उत्तरा आणि हस्त खरे. हत्तीचा पाऊस रात्री पडायचा, सकाळी रान प्यालेले असायचे, आणि त्या ओलीवर पेरलेली ज्वारी पुढे एक थेंब न मागता थंडीवर यायची. आता उत्तरा आणि हस्त मिळून एका रात्रीत पडतात. २०२० च्या ऑक्टोबरात पडले तेव्हा बोरी नदीने तालुक्यात माणसांची दैना केली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहणीला आले होते. पण अव्वांचा खरा दुष्काळ १९७२ चा. नवी नवरी असताना त्या खडी फोडायला गेल्या होत्या. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. "घरच्या पेवात ज्वारी होती तोवर आम्ही कामावर गेलो नाही," त्या म्हणाल्या. "दोन सालांची ज्वारी जमिनीत पुरलेली असायची. आता जमिनीत काय आहे? भोकं." मग मुलाकडे वळून, "सोलापुरात सिद्धरामप्पांनी तळं बांधलं. भोक पाडलं नाही."

बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचा दाखला लिंगायत घरात वाया जात नाही. दाजींनी मान खाली घातली.

एका रात्रीत दोन नक्षत्रे का पडतात, हे अव्वांनीच विचारले, आणि कन्येने ते माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यावर समजावले. हवा म्हणजे फडके. एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरते, म्हणजे फडके मोठे होते. मोठे फडके भिजायला वेळ लागतो, म्हणून पावसाला लांब खंड. आणि पिळले गेले की धो धो. फडके तापते ते धुराने. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ साली कार्बन वायू नीट मोजायला लागले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. १९५८ साली अव्वा पाच-सहा वर्षांच्या होत्या. म्हणजे हे सगळे त्यांच्या एका आयुष्यात झाले. दाजींनी कानडीत भाषांतर केले, आणि मला वाटते, करता करता ते स्वतःही प्रथमच ऐकत होते.

रात्री ओसरीवर हिशेब मांडला गेला. दाजींनी बोअरवाल्याचा कागद आणला, मी पेन दिले, अक्काने कंदील नव्हे तर मोबाइलचा दिवा धरला, कारण वीज गेली होती. ह्या जिल्ह्यात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ सालापासून आहे. इथल्या मालदांडी ज्वारीचे नामांकित वाणही मोहोळला निवडून काढलेले. कमी पाण्याची विद्या इथल्या माणसांना शिकवावी लागत नाही. ती वापरल्यावर पोट भरेल का, एवढाच प्रश्न असतो. दाजींनी तो आकड्यांत मांडला, आणि कन्येने मुकाट्याने बेरजा केल्या. तीन एकर ऊस बोअरला पाणी लागले तरच फायद्याचा होता. न लागल्यास पाटल्या परत यायला सहा वर्षे. शेताच्या खालच्या अंगाला बहात्तरच्या कामांत घातलेला नालाबांध गाळाने भरून पडला होता. त्याचा गाळ काढला तर? एक एकर ऊस ठिबकवर, बाकी ज्वारी आणि हरभरा, तुरीला उंच सरी, म्हणजे पाणी साचणार नाही. बोअर एक वर्ष पुढे.

"ठीक," दाजी म्हणाले. "मी दोन एकर ऊस सोडला. आता पुण्याची मंडळी काय सोडतात ते सांगा."

कन्येने माझ्याकडे पाहिले. सौभाग्यवतीनेही पाहिले. अव्वांना कानडीत प्रश्न कळवण्यात आला, आणि त्यांनीही पाहिले. कॉलेज घरापासून चार किलोमीटर, दारात बस. मोटार आठवड्यातून एकदा निघेल, हे मी कबूल केले. शिवाय आमच्या गृहसंस्थेच्या गच्चीवर सौर पट्ट्या बसवण्याचा ठराव मांडायचा. २०२४ पासूनच्या केंद्राच्या योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक विजेलाही अनुदान आहे, हे कन्येला पाठ होते. दाजींनी दोन्ही गोष्टी बोअरवाल्याच्याच कागदाच्या पाठीवर लिहून घेतल्या. मला सही करायला लावली.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. ज्वारी निघाली होती. उतारा निम्म्यावर, पण कडबा बरा. नालाबांधाचा गाळ गावच्या चौघांनी मिळून काढायला घेतला होता, पाचवा नाही म्हणत होता. ऊस एक एकर. पाटल्या अक्काच्या हातात. "पण आत्ताच सांगून ठेवतो," ते म्हणाले, "हस्त कोरडा गेला तर बोअर घेणार. मग तुम्ही मध्ये पडायचं नाही. तुमच्या गच्चीचं काय झालं?"

मी सांगितले, की पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसरीत पापड-कुरड्या कुठे वाळवायच्या ह्यावर दीड तास चर्चा होऊन विषय समितीकडे गेला.

"अव्वाला काय सांगू?"

बसने जातो आहे, असे सांगा, म्हटले.