भाईजानची सीट

गेल्या रमजानमध्ये भाईजान दस्तरखानवर बसेनासे झाले. पहिल्या इफ्तारला अम्मीनं त्यांची जागा नेहमीसारखी भिंतीकडेला ठेवली, तर ते हातात खजूर घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभेच. "वाशीहून आत्ता आलोय, पाय मोकळे करतोय," म्हणाले. चौथ्या दिवशीही त्यांचे पाय मोकळेच होत होते. तरावीहला मशिदीत त्यांनी शेवटच्या सफमध्ये खुर्ची मागून घेतली, हे मला माझ्या मुलानं येऊन सांगितलं. भाईजान ४८ वर्षांचे आहेत. आमचे मरहूम अब्बा सत्तरीतही जमिनीवर सजदा करायचे, आणि अब्बांनी तीस वर्षं ट्रकच चालवला होता.

ईद झाल्यावर भाभीनं आणि मी त्यांना जवळजवळ ढकलतच मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. कमरेच्या खालच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जात होती. डॉक्टरांनी औषधं, पट्टा, व्यायाम सांगितले, आणि मग एक प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता : "गाडीची सीट कसली आहे?"

भाईजान हसले. "ट्रकची असते तसली. लाकडी फळी, वर गादी, वर रेक्झिन."

गाडी विकावी तर बँकेचे १४ हप्ते बाकी. पगारी ड्रायव्हर ठेवावा तर हप्ता आणि पगार दोन्ही निघत नाहीत. पुतण्या बावीस वर्षांचा, त्याला नुकतं जड वाहनाचं लायसन्स मिळालेलं, पण पावणेचारशे किलोमीटर तो एकटा रात्री जाणार म्हटल्यावर भाभीला झोप नसती. म्हणजे भाईजान चालवणारच होते. मग ते कशावर बसून चालवणार, एवढंच आमच्या हातात होतं.

घरी येताना मी विचारलं, "अब्बांना कसं काही झालं नाही?" भाईजान म्हणाले, "अब्बांची गाडी नाकाची होती."

टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली, त्या घराण्यातली जुनी गाडी अब्बांनी सेकंडहँड घेतली होती. पुढे लांब बोनेट. तिला आमच्या गल्लीत सगळे 'मर्सिडीज' म्हणायचे आणि आम्ही पोरं त्याचा फार मान मिरवायचो. त्या गाडीत इंजिन पुढे, पुढची चाकं इंजिनाखाली आणि ड्रायव्हर त्यांच्या मागे. भाईजानची गाडी चपट्या तोंडाची. ड्रायव्हर इंजिनाच्या वर आणि पुढच्या चाकांच्या थेट डोक्यावर. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या गाडीत माल ठेवायला जास्त जागा मिळते, बाजारातल्या बोळात वळायला सोपं जातं, समोरचं जवळचं दिसतं. सगळा फायदा मालाचा आणि रस्त्याचा. शाळेच्या मैदानात सी-सॉ आहे, त्याच्या मध्यावर बसलेल्या पोराला फारसं काही होत नाही, टोकावरचं पोर मात्र हवेत उडतं. अब्बा मध्याच्या बाजूला बसायचे. भाईजान टोकावर बसतात.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तरीण झालीस म्हणून गाडी शिकवतेस होय?" पण गप्प बसले.

माझ्याकडे वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता आलेला होता. मी म्हटलं, सीट आणि पाटे दोन्ही करून घ्या, पैसे माझे. यावर आमच्या घरात तीन दिवस अबोला झाला. बहिणीच्या पैशानं गाडीचं काम करायचं हे त्यांना पटेना. मागच्याच वर्षी त्यांनी गाडीला रंग, मागे वेलबुट्टी, आरशांना झालर यावर बारा हजार घातले होते, तेव्हा काही वाटलं नव्हतं. अखेर अम्मीनं निकाल दिला : पैसे उसने समजायचे, आणि परत कधी हे कुणी विचारायचं नाही.

पहिलं काम उलटंच झालं. भाईजान त्यांच्या ओळखीच्या कमानवाल्याकडे गेले. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण मी वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. 'कमान' हा शब्द फारसीतून आला, अर्थ धनुष्य. उर्दूत तो अजून धनुष्यच आहे, मराठीत दारावरची कमान झाला, आणि गॅरेजमध्ये ट्रकच्या पोटाखाली वाकवून बांधलेल्या पोलादी पट्ट्या. त्यातल्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुलींना पाटा म्हटलं की वरवंटाच आठवतो.

तर कमानवाल्यानं पाहिलं आणि सांगितलं, "पुढं एक पाटा वाढवू, गाडी मजबूत होईल." वाढवला. पुढच्या फेरीहून भाईजान आले ते भाभीच्या खांद्यावर हात टाकून. पाटा वाढला म्हणजे कमान ताठ झाली आणि खड्ड्याचा दणका जसाच्या तसा वर आला. हळदीची पोती भरून जाताना त्यातल्या त्यात बरं, पण रिकामं परतताना गाडी दगडासारखी. पाटे भरलेल्या गाडीच्या वजनाला धरून बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत. मजबूत आणि मऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला दोन हजार रुपयांना कळलं.

मग सांगलीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी आधी काहीच खोललं नाही. गाडीखाली बॅटरी घेऊन सरपटत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "नवीन काही नको. जे आहे ते आधी जिवंत करू." पाट्यांच्या मधे गंज चढून ते एकमेकांना चिकटले होते. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान दबते, चिकटले की आठ पाट्यांची एक जाड लोखंडी दांडी होते. बुश झिजले होते, शॅकलच्या पिनांना महिनोन्महिने ग्रीस नव्हतं, एका बाजूचा शॉकअप तेल गाळून मेला होता. पुढच्या टायरांत हवाही भाईजान ठरलेल्यापेक्षा जास्त ठेवत, "टायर टिकतो" म्हणून.

दोन दिवस मी शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसायचे. बाईमाणूस गॅरेजमध्ये बसलंय म्हणून सुरुवातीला पोरं गाणी बंद करायची, नंतर मला चहा विचारायला लागली. वाढवलेला पाटा काढला. बाकीचे सुटे करून घासले, दोन थकलेले बदलले, मधे ग्रॅफाइटचं ग्रीस लावून परत बांधले. बुश नवे, दोन्ही शॉकअप नवे, यू-बोल्ट नवे, कारण जुने यू-बोल्ट पुन्हा आवळणं उस्तादांना मान्य नव्हतं. केबिन ज्या रबरांवर टेकते ती रबरं दगड झाली होती, तीही बदलली. सगळे मिळून साडेचौदा हजार. उस्तादांनी बजावलं, शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. नवे पाटे बसले की ते सैल पडतात.

सीटच्या बाबतीत भाईजाननी पुन्हा स्वतःची अक्कल चालवली. गाद्यांच्या दुकानातून सहा इंची फोम आणून जुन्या फळीवर टाकला. पहिला तासभर गादीवर बसल्यासारखं छान वाटलं म्हणे. मग डोकं छताला लागायला लागलं, ब्रेकवर पाय पोचेना आणि खंबाटकी घाटात ते सीटवर नुसते डुचमळत होते.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी खडू घेऊन फळ्यावरच समजावलं. बसलेल्या माणसाच्या कण्याला स्वतःचा एक झोका असतो, सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा. त्याच चालीचा हादरा बाहेरून आला तर शरीर तो शोषत नाही, उलट वाढवतं. पाळण्याला वेळ साधून धक्का दिला तर तो जसा उंच जातो, तसं. नुसता फोम टाकलेली सीट नेमकी त्याच्या आसपास हलते. म्हणून सीटखाली अशी स्प्रिंग हवी की जिचा झोका फार सावकाश असेल, सेकंदाला एक-सव्वा वेळा, आणि सोबत तो झोका थांबवणारा छोटा शॉकअप हवा. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि भाईजानना वाचून दाखवलं. त्यांनी फोम काढून अम्मीला दिला. ती आता त्यावर दुपारची झोपते.

सीट २१ हजारांची आली. हवेवर चालणारीही होती, पण तिला हवा ब्रेकच्या टाकीच्या बाजूनं घ्यावी लागते. उस्ताद म्हणाले, मधे संरक्षणाचा व्हॉल्व्ह नीट बसवला नाही आणि सीटची नळी फुटली, तर ब्रेकची हवा जाईल. "कमरेसाठी जीव घालवायचा का?" म्हणून साधी स्प्रिंगची घेतली. खाली कात्रीसारखे पाय, पुढे एक गोल खटका, तो फिरवून बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग ताणायची. केबिनचा पत्रा पातळ, नुसते बोल्ट मारले तर अपघातात सीट माणसासकट उखडेल, म्हणून खालून जाड लोखंडी पट्टी देऊन बोल्ट आरपार घेतले. पट्टा जुन्याच जागी, पण पूर्ण दबलेल्या आणि पूर्ण उठलेल्या दोन्ही स्थितीत तो बसतो का हे उस्तादांनी स्वतः बसून पाहिलं. नवी सीट उंच पडू नये म्हणून जुनी लाकडी पेटी कापून काढली. त्या पेटीतून अब्बांच्या वेळची एक पितळी किल्ली निघाली. कशाची, कुणालाच आठवेना.

मला आरटीओची धास्ती होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिल्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. पण माणसं बसण्याची संख्या, वजन, लांबी-उंची काहीच बदललं नव्हतं. फिटनेसला गाडी नेली तेव्हा भाईजाननी सगळी बिलं माझ्या शाळेच्या फाइलीत लावून नेली होती. तपासणाऱ्यानं सीटवर हात दाबून पाहिला आणि पुढे गेला.

नव्या जड गाड्यांना २०२५ पासून केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. मला ते वाचून बरं वाटलं, आणि थोडा रागही आला. इंजिनाच्या डोक्यावर बसून आपल्या घरांतल्या किती माणसांची उमर गेली.

दुखणं गेलेलं नाही. सरकलेली गादी सीटनं परत जागेवर जात नाही, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. नमाज अजून खुर्चीवरच आहे. दर दोन तासांनी गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं चालायचं ठरलंय, त्यातलं निम्मं पाळलं जातं. पण पुण्याच्या पुढे गोळी घ्यावी लागायची, ती बंद आहे, अल्हम्दुलिल्लाह. परवा रात्री वाशीहून आले ते सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि भाकरी मागितली. भाभी तवा विसरून बघतच राहिली. अर्धी भाकरी झाल्यावर भिंतीला धरून उठले, पण बसले होते.

आता भांडण वेगळंच आहे. पुतण्या ५५ किलोचा, भाईजान ८४. पोरगा गाडी चालवतो तेव्हा खटका सैल करतो आणि परत फिरवायला विसरतो. मग भाईजान बसले की सीट एकदम तळाला. गेल्या रविवारी मी शाळेत सुविचार लिहायला आणलेला ऑइलपेंट घेऊन गाडीत चढले आणि भाईजानना बसवून, खटका जुळवून, तिथं लाल रेघ मारली. भाईजान म्हणाले, "त्याचीपण मार. त्यानं बिनखुणेचं चालवू नये." पांढरा रंग संपला होता, म्हणून पोराची रेघ हिरवी मारली.