सुरगाठ आणि निरगाठ

होडीत बसावयाच्या गादीविषयी कोणी डोके शिणवावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गादी ती गादी. फळीवर टाकावी आणि खुशाल बसावे! परंतु उघड्या यांत्रिक होडीतून ज्यांनी भर वाऱ्यात प्रवास केला आहे, ते या गादीला क्षुल्लक लेखीत नाहीत.

अमेरिकेत १९५८ साली ‘बोस्टन व्हेलर’ नावाची एक छोटी होडी विक्रीस आली. लांबी जेमतेम १३ फूट, वर छप्पर नाही, बसावयास लाकडी आडव्या फळ्या. फायबरग्लासच्या दोन कवचांमध्ये हलका फोम ठासून भरलेला असल्यामुळे ती बुडतच नसे. १९६१ साली तिचे निर्माते रिचर्ड फिशर यांनी ती करवतीने मधोमध कापविली. अर्धी होडी फिशर यांच्यासह पाण्यावर तरंगत राहिली! ‘लाइफ’ या साप्ताहिकात त्या प्रसंगाची छायाचित्रेही झळकली. अशा या न बुडणाऱ्या होडीतूनसुद्धा एक वस्तू हातोहात निसटते, आणि ती म्हणजे फळीवरची गादी.

होडी ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत आहे आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा येत आहे, असे समजा. गादीला लागणारा वारा मग ताशी ६० किलोमीटरचा होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग तिप्पट झाला, तर दाब नऊपट! मनुष्य बसलेला असतो तोवर गादी निमूट असते. तो क्षणभर उठला, की तिची पुढची कड किंचित उचलली जाते, वारा खाली शिरतो, गादी शिडासारखी उभी राहते आणि पाहता पाहता पाण्यात जाते. एक गादी गेली, तर त्यात फारसे नुकसान नाही. खरी भीती पुढेच आहे. ती पकडण्यासाठी कोणीतरी चटकन काठावरून वाकतो, होडी एका अंगाला कलते आणि गादीच्या पाठोपाठ तोही पाण्यात पडतो.

म्हणून गाद्या बांधावयाच्या. सर्वांत प्रचलित उपाय टिचबटणांचा. बटणाचा एक भाग फळीवर स्क्रूने बसवितात, दुसरा गादीच्या कापडाला जडवितात. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. पितळ किंवा न गंजणारे पोलादच हवे. थंडीत गादीचे प्लास्टिकचे आवरण आखडते आणि उन्हाळ्यात बसविलेली बटणे एकमेकांपर्यंत पोहोचेनाशी होतात, ही आणखी एक कटकट. शिवाय टिचबटणाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. बाजूने कितीही ओढा, ते दाद देत नाही. पण कड धरून वर उचलले, की टचकन सुटते. आणि वाराही नेमकी कडच उचलतो! तेव्हा मागच्या कडेला बटणे आणि पुढच्या कडेवरून फळीखाली ओवलेला पट्टा, ही जोडीच सर्वांत भरवशाची मानावी.

वेल्क्रोची पट्टीही अनेकजण वापरतात. माळावर भटकताना कपड्यांना कुसळे कशी चिकटतात, हे कोणाला ठाऊक नाही? स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्याने १९४१ साली आपल्या कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांच्या काट्यांची टोके आकड्यांसारखी वाकलेली होती, आणि त्यातूनच त्याला ही युक्ती सुचली. मात्र त्या आकड्यांत वाळू भरली, की पट्टीची पकड ढिली पडते.

येथवर सारे सोपे वाटते. पण होडीत आणखी एका प्रकारची गादी असते. ती बसावयाच्या कामी येते, तशीच पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकावयाच्याही कामी येते. पूर्वी तिच्यात कापोक नावाचा कापूस भरीत. तो ज्या झाडाला येतो, त्याला आपल्याकडे पांढरी सावर म्हणतात. या कापसाचे तंतू पोकळ व मेणचट असल्यामुळे पाणी आत शिरत नाही. प्रौढ माणसाचे डोके पाण्याबाहेर राहण्यास साधारण तीन ते पाच किलोंचा आधार पुरतो, आणि एवढा भार ही गादी सहज पेलते. तिच्या दोन्ही पट्ट्यांत हात घालून ती छातीशी कवटाळावयाची असते. पाठीवर मात्र ती कधीही बांधू नये. तोंड पाण्याखाली जाते.

अमेरिकेत १६ फुटांच्या किंवा त्याहून मोठ्या यांत्रिक होडीत अशी फेकता येण्याजोगी एक तरी वस्तू, मग ती गादी असो वा तरंगते कडे, तत्काळ हाताशी असलीच पाहिजे, असा कायदा आहे. ‘तत्काळ’ या शब्दाचे मोल हिशेबानेच कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाची होडी सेकंदाला ११ मीटर जाते. गाठ सोडण्यात पाच सेकंद गेले आणि होडी तशीच धावत राहिली, तर बुडणारा माणूस ५५ मीटर मागे राहिला! एवढ्या अंतरावर गादी कोण फेकणार?

तेव्हा बसावयाची गादी बटणांनी व पट्ट्याने जखडावी, तिला निरगाठ मारली तरी चालेल. फेकावयाच्या गादीला मात्र निरगाठ नको आणि बटणेही नकोत. ती चालकाच्या हाताशी फळीखाली सरकवून ठेवावी. अगदी बांधावयाचीच झाली, तर एका हिसक्यात सुटेल अशी सुरगाठ मारावी. आणि ती गाठ होडीतल्या लहानांत लहान मुलाकडून निघण्यापूर्वी एकदा सोडवून घ्यावी.

होडी गाडीमागे जोडून रस्त्याने न्यावयाची असेल, तेव्हा तर कोणत्याच गाठीवर विसंबण्याचे कारण नाही. तेथे वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटरवर जातो आणि उडालेली गादी मागच्या वाहनाच्या काचेवर आदळते. जाणते लोक सगळ्या गाद्या काढतात, गोड्या पाण्याने त्यांवरील मीठ धुतात, निथळण्यासाठी त्या काही वेळ उभ्या करून ठेवतात आणि मगच मोटारीत घालतात.