बादलीत पन्नास, वहीत एकतीस

बडोद्याच्या आठवणी म्हटलं की रावपुरा, दांडिया बझार, जुम्मादादा व्यायाममंदिर आणि सेव-उसळ हे ठरलेलं. आज मी जरा वेगळंच लिहिणार आहे. विषय गोल्फचा आहे. हसू नका, आधी वाचा.

माझं वय ७४. १९७२ साली सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो आणि पुढच्याच वर्षी बँकेत लागलो. अडतीस वर्षं आकड्यांत काढली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातला गोल्फ कोर्स प्रतापसिंहरावांनी १९३० च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी करवला, असं सांगतात. लहानपणी वडिलांच्या सायकलवरून जाताना त्या हिरवळीकडे बघायचो. "तिकडे आपलं काम नाही," असं वडील म्हणायचे. १९९० च्या दशकात तो सगळ्यांसाठी खुला झाला, पण मी पाऊल टाकलं ते २०२२ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि बागेत त्याच त्या चकरा मारून कंटाळा आला होता.

गोल्फ लांबून सोपा दिसतो. चेंडू जागेवर स्थिर, आपणही स्थिर, मारायचा काय तो एक फटका! प्रत्यक्षात पहिले सहा महिने माझा प्रत्येक चेंडू उजवीकडे वळायचा. मी आणखी डावीकडे रोख धरला की तो आणखी उजवीकडे. शिकवणारा मुलगा म्हणायचा, "काका, उलटुं करो छो." उलटं म्हणजे नेमकं काय, ते मला कळेना.

२०२३ च्या दिवाळीत मुलगा न्यूजर्सीहून आला. त्याने एक छोटंसं यंत्र आणलं. त्याला लाँच मॉनिटर म्हणतात. चेंडूच्या मागे दोन-अडीच पावलांवर ठेवायचं. आत रडार असतं. पोलीस गाडीचा वेग मोजतात तेच तत्त्व. फटका मारला की काठीचा वेग, चेंडूचा वेग, तो किती अंशांत उडाला, कुठल्या दिशेला निघाला आणि हवेतून किती यार्ड गेला, हे सगळं मोबाइलवर येतं. काही आकडे ते थेट मोजतं, काही हिशोबाने काढतं.

मी बँकवाला. मला खेळापेक्षा आकडेच जास्त आवडले, हे कबूल करतो.

त्यातला एक आकडा मला फार भावला. चेंडूचा वेग भागिले काठीचा वेग. याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. सात नंबरच्या आयर्नला व्यावसायिक खेळाडूंचा हा आकडा १.३३ च्या आसपास असतो. माझी काठी ताशी ६३ मैल फिरायची आणि चेंडू जेमतेम ७० ने निघायचा, म्हणजे १.११. जोर होता, पण तो चेंडूपर्यंत पोचत नव्हता. ठेवी भरपूर आणि कर्जवाटप शून्य, तशी अवस्था. मग काठीच्या पात्याला खडू फासून पाहिलं. चेंडू मध्यभागी लागतच नव्हता, टोकाला लागत होता. जोर कमी करून मध्य साधायला लागलो, तर चेंडू उलट लांब जायला लागला.

उजवीकडे वळण्याचं कोडंही त्यातूनच सुटलं. चेंडू निघतो तो बहुतांशी पात्याचं तोंड जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तो पात्याचं तोंड व काठीचा मार्ग यांतल्या फरकामुळे. मी डावीकडे रोख धरायचो, त्यामुळे काठीचा मार्ग अधिकच डावीकडे जायचा. पात्याचं तोंड मात्र त्या मार्गाच्या मानाने उघडंच राहायचं. म्हणजे फरक मी स्वतःच वाढवत होतो. डाव्या हाताची पकड थोडी उजवीकडे फिरवली आणि महिन्याभरात वळण निम्म्यावर आलं. नव्याने शिकणाऱ्यांना एकच सांगेन. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सगळ्यात लांब गेलेला चेंडू नव्हे, दहा चेंडूंची सरासरी बघा.

आता खरी गोष्ट.

मोबाइलवर आकडे दिसले तरी मला वहीत लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. चष्म्याची कटकट, म्हणून संध्याकाळी मी वाचायचो आणि आमच्या सौ. लिहून घ्यायच्या. लग्नापासून घरखर्चाची वही त्याच लिहितात. त्याच वहीच्या मागच्या पानांवर माझा गोल्फ सुरू झाला. सरासरी ७५ यार्डांवरून ९० झाली, मग १०२. मी मुलाला फोनवर सांगायचो, मित्रांना सेव-उसळ खाताना सांगायचो.

एका संध्याकाळी सौ. नी पेन्सिल खाली ठेवली.

"अहो, बादलीत चेंडू किती असतात?"

"पन्नास."

"वहीत एकतीस आहेत. एकोणीस कुठे गेले?"

मी म्हणालो, "अगं, ते चुकलेले. ते धरायचे नसतात." मोबाइलवर एखादा फटका पुसायची सोय असते. वाईट फटका गेला की मी तो पुसत होतो.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग मी पण दूध उतू गेलं ते खर्चात धरत नाही."

मी गप्प. १९८९ साली मी शाखा व्यवस्थापक होतो. ३१ मार्चला ठेवी फुगवून दाखवायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या परत जायच्या, हा प्रकार मीही केला आहे. विंडो ड्रेसिंग. एरवी कॅश दहा पैशांनी जुळली नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो. आणि इथे, ना वरिष्ठ, ना टार्गेट, मी स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकत होतो.

पुढच्या वेळी एकही फटका पुसला नाही. सरासरी १०२ वरून ८४ वर आली. सौ. नी पन्नासही आकडे क्रमाने लिहिले आणि बराच वेळ ते पान बघत राहिल्या. त्यांना गोल्फ कळत नाही, पण रकाना कळतो. पहिल्या तीस चेंडूंना काठीचा वेग ६३-६२. मग ६०. मग ५७. शेवटच्या दहांत ५४.

"शेवटी शेवटी तुम्हाला दम लागतो का?"

मी पुसलेले फटके बहुतेक शेवटचेच होते. तेव्हा छातीवर दडपण यायचं, मी बाकावर बसायचो, पाणी प्यायचो आणि पित्त समजून गोळी घ्यायचो. घरी बोललो नव्हतो. बोललो असतो तर गोल्फ बंद झाला असता. ते एकोणीस चेंडू मी गोल्फपायी नाही, भीतीपायी पुसत होतो.

त्या आठवड्यात तपासण्या झाल्या. एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसला. यंत्राने रोग ओळखला असं मी मुळीच म्हणणार नाही, ते चेंडू मोजतं. रोग पकडला तो घरखर्चाच्या वहीने. पण आकडे पुसले नसते तर दोन-तीन महिने आधी कळलं असतं, एवढं मात्र खरं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. आता बादली अर्धीच घेतो, पंचवीस. दर दहा चेंडूंनंतर बसतो. सरासरी ९३ यार्ड आहे, सगळे धरून. शेवटच्या चेंडूलाही वेग ६१ असतो. त्या आकड्यावर सौ. लाल पेन्सिलीने खूण करतात, पासबुकावर करायचो तशी.

मंडळी, आपल्या पिढीला दुखणं लपवायची सवय आहे. "काही नाही, पित्त झालंय" हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही? तुमच्याकडे गोल्फ नसेल. चालणं असेल, जिने असतील, देवळाच्या पायऱ्या असतील. काल कितव्या पायरीवर थांबलात ते घरात सांगा. सांगायला लाज वाटली तर समजा, नोंद तीच महत्त्वाची आहे.