उजेड हवा, तो पायांपाशी

मैत्रिणींनो, दिवा विकत घेताना आपण दुकानदाराला पहिला प्रश्न कोणता विचारतो? "किती वॅटचा?" पडद्याचं कापड आपण हातात चोळून बघतो, पातेल्याचं बूड वाजवून बघतो, साडीचा रंग जाणार नाही ना म्हणून दहादा विचारतो. दिव्याचं मात्र वॅट विचारले, पैसे दिले, पिशवीत टाकला! त्यातून अंगणातला दिवा म्हणजे तर पुरुषमंडळींचं खातं. मोठ्यात मोठा आणा, उंचात उंच लावा, म्हणजे चोर फिरकणार नाही, एवढाच त्यामागचा विचार.

आमच्याकडेही तसंच झालं. आमचं घर साताऱ्याच्या जरा बाहेर, बैठं. ओट्यावरून अंगणात उतरायला ३ पायऱ्या आणि पुढे दहा-बारा पावलांवर तुळशीवृंदावन. सासूबाईंचं वय ७८. दिवेलागणीला तुळशीपाशी निरांजन ठेवायचं, हा त्यांचा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. गेल्या वर्षी ह्यांनी छपराच्या कोपऱ्यावर ५० वॅटचा एल.ई.डी. फ्लडलाइट बसवून घेतला. (वायरमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला अजून 'हॅलोजन'च म्हणतात!) अंगण कसं लख्ख झालं. आणि पंधरा दिवसांच्या आत, तुळशीकडून परतताना सासूबाईंचा पायरीवर पाय चुकला. कठडा हाताशी होता, म्हणून मुक्या मारावर निभावलं.

लगेच घरात फर्मान निघालं. "आई, उद्यापासून संध्याकाळी खाली उतरायचं नाही. निरांजन ही ठेवील." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून त्या माझ्या हातातल्या तबकाकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, ती मला बघवेना. वय झालं की माणसाच्या हातातलं एकेक काम सुटत जातं. आधी बाजार सुटतो, मग स्वयंपाक सुटतो, मग देवळात जाणं सुटतं. उरलेला एवढासा नेमही एका दिव्यापायी सुटावा?

मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवते तेही इतिहास-भूगोल. त्यामुळे दिव्यांवरचं वाचायला घेतलं तेव्हा शब्द न्‌ शब्द समजून घ्यावा लागला. पण पहिलीच गोष्ट वाचली आणि चपापले. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या माणसाला मिळतो. डोळ्याची बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर होतं. म्हणजे वयस्कर माणसाला उजेड जास्त लागतो, हे खरंच. पण त्याच भिंगामुळे समोरून आलेला झोत डोळ्यात विखुरतो आणि पुढचं सगळं धुरकट होतं. झगमगाटातून सावलीत आलं, की नजर बसायलाही वेळ लागतो. आमचा फ्लडलाइट घराकडे परतणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर येत होता, आणि पायऱ्या नेमक्या कठड्याच्या सावलीत!

ह्यांना काही हे पटेना. मग एका संध्याकाळी मी तबक ह्यांच्याच हातात दिलं. "आज तुम्ही ठेवून या." परतताना चौथ्या-पाचव्या पावलालाच ह्यांनी डोळ्यांवर हात धरला. पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

हे शहाणपण तसं जुनंच, बरं का. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांनी १९२०च्या दशकात एकाखाली एक अशा ३ शेडचा दिवा घडवला. आतला बल्ब डोळ्यांना टोचू नये आणि उजेड मात्र टेबलावर पडावा, असा त्याचा हिशेब. आणि आपल्या आज्या-पणज्या गोठ्यात जाताना कंदील न्यायच्या, तो आठवा. त्याचा उजेड तो केवढासा! पण हात खाली सोडला की तो गुडघ्याशी यायचा आणि पुढच्या पावलापुरती वाट दाखवायचा.

तोच कंदील आता नव्या रूपात परत आला आहे. निळ्या एल.ई.डी.च्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळालं, लिथियम-आयन बॅटरीला २०१९ साली. या दोघींनी मिळून दिव्याला भिंतीतल्या प्लगपासून सोडवलं. इटलीच्या वास्तुविशारद गाए औलेंती या बाईंनी १९६५ साली केलेला 'पिपिस्त्रेल्लो' (म्हणजे वटवाघूळ) हा नावाजलेला टेबलदिवा आता चार्जिंगचा, उचलून बागेत नेता येईल असाही मिळतो. आपल्याला काही तो परदेशी दिवा परवडायचा नाही. पण कडी असलेले, मोबाइलच्या चार्जरवर चालणारे साधे दिवे आपल्याकडेही मिळतात.

आम्ही काय केलं, ते सांगते. प्रत्येक पायरीच्या कडेला घोट्याच्या उंचीवर २ वॅटचा एकेक दिवा, वरून झाकलेला. वाटेवर गुडघ्याएवढे टोपीवाले २ दिवे. सगळे १२ व्होल्टवर, त्याचं यंत्र घरात. आणि चार्जिंगचा दिवा? एक हात तबकाला, दुसरा कठड्याला, मग दिवा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून तो आधीच वृंदावनापाशी ठेवते. रात्री तोच सासूबाईंच्या उशाशी जातो, न्हाणीघरात जायला. "हा बरा आहे गं, डोळ्यांत बोट घालत नाही," हे त्यांचं प्रशस्तिपत्र! फ्लडलाइट काढला नाही. तोंड पार खाली वळवलं आणि वेगळ्या बटणावर ठेवला. गरज पडली तरच लावायचा.

आता खरेदीबद्दल. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते 'लुमेन' सांगतं. घरातला ९ वॅटचा एल.ई.डी. साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो. वाटेवरच्या एका दिव्याला १००-२०० पुष्कळ झाले. उजेडाचा रंग 'केल्विन'मध्ये लिहितात. ६५०० म्हणजे पांढराफटक. २७०० ते ३००० म्हणजे समईसारखा पिवळसर. अंगणाला हाच घ्यावा, त्यावर किडेही कमी येतात. उघड्यावरच्या दिव्यावर 'आय.पी.' आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ओट्यावर छपराखाली ४४ चालेल, पावसात उभा राहणारा दिवा ६५ चा बघावा. सौर दिवे स्वस्त पडतात, पण ऐन पावसाळ्यात नीट चार्ज होत नाहीत आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलावी लागते. ती बदलता येते का, हे आधीच विचारा. चार्जिंगचा दिवा उन्हात तापत ठेवू नका. अंगणात घरची २३० व्होल्टची वीज नेणारच असाल, तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. हवाच. तिथे घरच्या घरी कारागिरी नको.

तुम्ही म्हणाल, "हे ठीक आहे हो, पण चोराचं काय?" अहो, झोत जितका प्रखर, तितकी त्याच्या बाजूची सावली गडद, आणि लपणाऱ्याला तीच हवी असते. शिवाय आपला झोत शेजारणीच्या झोपायच्या खोलीत जातो, तो वेगळाच. भंडारदऱ्याकडे मे अखेरीला काजवे बघायला लोक लांबून जातात. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडानंच खुणावतात. आपल्या दिव्यांच्या झगमगाटात त्या खुणा बुडून जातात. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवावी लागली. गावच्या गाव हे करू शकतं, तर आपल्याला एक अंगण जड आहे का?

तेव्हा नवा दिवा आणण्याआधी एक करा. रात्री फाटकापासून दारापर्यंत, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या चालीनं, सावकाश चालत या. जिथे डोळे बारीक करावे लागतील, तिथला दिवा खाली वळवा. जिथे पायानं चाचपावं लागेल, तिथे एक लहानसा लावा. वायरमनला निरोप धाडायचा, तो त्यानंतर!