अडीचकी

आमच्या घरात एक विद्वान राहतात. वय वर्षे पाच. माझ्या काकांचे हे चिरंजीव, नाव बंडू. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण कॅल्क्युलेटर घरी विसरला तर परीक्षेच्या हॉलमध्ये मला घाम फुटतो. बंडूला कॅल्क्युलेटर म्हणजे काय ते ठाऊक नाही.

याला जबाबदार आमचे आजोबा. बेगमबाजारातल्या एका आडतीवर त्यांनी आयुष्यभर खतावणी लिहिली. संध्याकाळी काचीगुड्याच्या आमच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत ते पावकी, निमकी, पाऊणकी म्हणतात. लहानपणी मलाही शिकवून पाहिलं आणि हात टेकले. बंडूला कुणी शिकवलं नाही. तो खाटेखाली चिंचोके खेळत असे. एकदा आजोबा "सतरा अडीच" म्हणून अडखळले, तर खाटेखालून आवाज आला, "साडेबेचाळीस."

त्या दिवसापासून काकांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दूधवाला आला, बोलाव बंडूला. वरच्या मजल्यावरचे खाँसाहेब आले, बोलाव बंडूला. ते "माशाअल्ला!" म्हणत आणि काकांचे डोळे भरून येत. काकांना गरिबीमुळे मॅट्रिकनंतर शिकता आलं नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणून हसू आलं तरी मी दाबत असे.

आजी आणि काकू दोघी कलबुर्गीकडच्या. त्यामुळे आमच्या घरात हिशेब मराठीत आणि भांडण कन्नडमध्ये चालतं. काका सांगत, "तुमच्याच बंगळूरची शकुंतलादेवी! तीन वर्षांची असताना पत्त्यांच्या खेळात बापाला तिची स्मरणशक्ती कळली. 1980 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा-तेरा आकडी संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत केला!" काकू पोळी लाटता लाटता विचारत, "आणि शाळेत कधी गेली ती?" काका गप्प. बापानं सर्कस सोडून त्या पोरीचे खेळ गावोगाव केले, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

गल्लीतल्या गणपतीत काकांनी बंडूचा कार्यक्रम ठेवला. टोपी, जरीचा कुडता, समोर शंभरेक माणसं. पहिले पाच-सहा प्रश्न त्यानं टिपले. मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "एकतीस अडीच?" आजोबांची अडीचकी तीसला संपते. बंडू थांबला. काकांकडे पाहिलं. कुणी तरी हसलं, मग पुष्कळजण हसले, आणि बंडूनं भोकाड पसरलं.

खरं सांगू? त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. वीस वर्षांच्या माणसानं पाच वर्षांच्या पोराचा हेवा करावा, ही काही मासिकात छापण्यासारखी गोष्ट नव्हे. पण लगेच काकांचा चेहरा दिसला.

रात्री आजोबा काकांना एवढंच म्हणाले, "कुमार गंधर्वही लहानपणी जलशांतून गायचे. पण 1936 साली मुंबईला देवधर मास्तरांकडे गेले ते शिकायला." काका काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

मी जेवत होतो. बंडू माझ्या ताटाशी येऊन बसला. "दादा, अडीच म्हणजे काय?"

मी चाटच पडलो. ज्याला अडीचकी पाठ, त्याला अडीच ठाऊक नाही! त्यानं ती गाण्यासारखी उचलली होती. मी दोन भाकऱ्या पुढे ठेवल्या आणि तिसरीचे दोन तुकडे करून एक त्यांच्या शेजारी ठेवला. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग भाकरीचा तो तुकडा खाऊन झोपायला गेला.

सकाळी काकू चहा गाळत होत्या. बंडू डोळे चोळत आला. "दादा, तीस अडीच पंचाहत्तर. पुढे आणखी दोन भाकऱ्या आणि तुकडा. साडेसत्याहत्तर."

काका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. सवयीनं मान वर करून खाँसाहेबांना हाक मारायला तोंड उघडलं.

"साक री," काकू हळूच म्हणाल्या.

काकांनी तोंड मिटलं. बंडूला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आणि बत्तीस?"

बंडू म्हणाला, "थांबा अप्पा, मोजू द्या."

काका थांबले. त्यांचा चहा पार निवून गेला.