खुल्या दाराचा उंबरठा

‘सर्वांसाठीं खुलें’ या दोन शब्दांइतके उदार शब्द आमच्या शिक्षणाच्या कोशांत दुसरे क्वचितच सांपडतील. सार्वजनिक वाचनालयाच्या पाटीवर ते दिसतात, आतां संगणकाच्या पडद्यावरहि दिसतात, आणि वाचतांच मन प्रसन्न होतें. परंतु दार खुलें आहे हें आंत बसलेल्या माणसाला जितकें स्पष्ट दिसतें, तितकें तें बाहेरून येणाऱ्याला दिसतेंच असें नाहीं. आंतल्या माणसाला फक्त दार दिसतें; बाहेरच्याला आधीं वाट, मग पायऱ्या, आणि सर्वांत शेवटीं उंबरठा लागतो. वर्धा जिल्ह्यांतल्या एका तालुक्याच्या गांवीं रसायनशास्त्र शिकवीत असतां हा उंबरठा मी बरींच वर्षें जवळून पाहत आलों आहें, आणि त्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

प्रथम त्या दाराआड काय आहे तें सांगितलें पाहिजे. 2003 सालीं सात आय. आय. टी. आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून ‘एन्‌. पी. टी. ई. एल्‌.’ हा उपक्रम सुरू केला. आणि ज्या प्राध्यापकांच्या वर्गांत बसण्यासाठीं हजारों मुलांना परीक्षेंत मागें टाकावें लागे, त्यांचीं व्याख्यानें घरबसल्या ऐकण्याची सोय झाली. 9 जुलै 2017 रोजीं ‘स्वयम्‌’ हें सरकारी व्यासपीठ खुलें झालें. व्याख्यानाची चित्रफीत, वाचनाचें साहित्य, स्वतःची पारख करण्यासाठीं प्रश्न आणि शंका विचारण्यासाठीं चर्चा, अशी त्याची चौरस रचना आहे. शिकणें विनामूल्य, प्रमाणपत्र हवें असेल त्यानें तेवढें परीक्षेचें शुल्क भरावें. विद्यापीठ अनुदान आयोगानें 2016 सालीं अशा अभ्यासक्रमांतून 20 टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्यास मान्यता दिली आणि 2021 सालीं ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली. म्हणजे हा आतां हौसेचा मामला राहिलेला नाहीं. पदवीचा एक मोठा हिस्सा या दारांतून जाऊं शकतो.

याहूनहि मला ज्याचें अप्रूप वाटतें ती आभासी प्रयोगशाळा. केंद्र सरकारनें 2009 सालीं माहिती-तंत्रज्ञानाच्या द्वारें शिक्षणाचें एक राष्ट्रीय अभियान आरंभिलें. त्याच्या आश्रयानें, आय. आय. टी. दिल्लीच्या पुढाकाराखालीं, अनेक संस्थांनीं मिळून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभारल्या. एक प्रयोग उघडला, कीं त्याचा हेतु, त्यामागचें तत्त्व, प्रयोगापूर्वीची छोटी चाचणी, कृति, मग पडद्यावरचा प्रयोग आणि शेवटीं पुन्हा चाचणी, अशा क्रमानें विद्यार्थी पुढें सरकतो. कांहीं प्रयोग तर याहून नवलाचे आहेत. उपकरण दूरच्या एखाद्या संस्थेंत खरोखरच मांडलेलें असतें, आणि वेळ ठरवून घेऊन आपण तें येथून चालवावयाचें असतें.

आमच्या प्रयोगशाळेंत एका ब्युरेटभोंवतीं चार विद्यार्थी उभे असतात. एकजण तोटी फिरवतो, दुसरा आंकडे टिपतो, आणि उरलेले दोघे पाहतात. एक थेंब अधिक पडला, कीं फिकट गुलाबी व्हावयाचा द्राव गडद गुलाबी होतो. तो ओतून देऊन पुन्हा आरंभ करावा, तर तासाची घंटा जवळ आलेली असते. पडद्यावर हाच थेंब वीस वेळां चुकवतां येतो, एकविसाव्या वेळीं साधतां येतो, आणि त्यापायीं रसायनाचा एक थेंबहि खर्च होत नाहीं.

येथें एखादा वर्धेकर वाचक भुंवया वर करील, आणि त्याचा तो हक्कच आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजीं याच वर्धेंत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिच्या विचारांना अभ्यासक्रमाचें रूप दिलें, आणि ‘नई तालीम’ हे शब्द आमच्या जिल्ह्याच्या नांवाशीं कायमचे जोडले गेले. हाताच्या कामांतून बुद्धीचें शिक्षण, हें तिचें मर्म. ज्या भूमींत तकली हातांत देऊन गणित शिकवावयाचें ठरलें, तेथें कांचेला बोटहि न लावतां रसायनशास्त्र शिकवावयाचें काय, असा हा प्रश्न आहे. माझें उत्तर असें, कीं ‘तालीम’ या शब्दाचा मराठींत आणखीहि एक अर्थ आहे. नाटकाच्या तालमींत कोणी रंग लावीत नाहीं, प्रेक्षकहि नसतात. तथापि तालमीवांचून रंगभूमीवर गेलेल्या नटाची फजिती सर्वांना ठाऊक आहे. आभासी प्रयोगशाळा ही अशी तालीम आहे. तिच्यांत आम्लाचा वास नाहीं, फुटणारी कांच नाहीं. आणि तिच्या भरंवशावर खऱ्या प्रयोगशाळेला कुलूप लावणारा कोणी निघाला, तर त्याला विरोध करणारांत मी पहिला असेन. परंतु ज्याच्या वाट्याला सबंध सत्रांत ब्युरेटची तोटी दोनदांच येते, त्याला तालीम नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाहीं.

मग ही तालीम त्याच्यापर्यंत पोंचत कां नाहीं? या प्रश्नाचा विचार करतांना मला नेहमीं मायकेल फॅरडेची आठवण होते. लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानांत तो उमेदवार होता. 1812 सालीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें चाललीं होतीं. पण तेथें जावयाचें तर तिकीट हवें. विल्यम डान्स नांवाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें टिपणें घेतलीं, स्वतःच्या हातानें तीं बांधून डेव्हींकडे पाठवलीं, आणि 1813 सालीं तो त्यांचा साहाय्यक झाला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. डेव्हींचें ज्ञान आणि फॅरडेची बुद्धि एकाच शहरांत, थोड्याच अंतरावर नांदत होती; त्या दोहोंमध्यें एक तिकीट आडवें होतें.

आज तें तिकीट विनामूल्य झालें आहे, असें आपण समजतों. वस्तुतः त्याचें केवळ नाणें बदललें आहे. आज तिकीट म्हणजे स्वतःच्या मालकीचा मोबाईल-क्रमांक. ज्या माणसाजवळ असा क्रमांक नाहीं, तो माणूस यंत्राच्या लेखीं अजून जन्मालाच आलेला नाहीं. “सर, ओटीपी बाबाच्या मोबाईलवर येते, अन् बाबा तं वावरांत राह्यते,” हें वाक्य मीं इतक्या तोंडांतून ऐकलें आहे, कीं तें मला एखाद्या म्हणीसारखें वाटूं लागलें आहे. घरांत एक मोबाईल, तो बापाच्या खिशांत, बाप कपाशीच्या ओळींत, आणि यंत्र सांगतें कीं आलेला आंकडा कांहीं मिनिटांच्या आंत लिहा! पोरीनें वावरापर्यंत धांव घेतली, तरी आंकडा तिच्या आधींच शिळा होतो.

दुसरें नाणें म्हणजे ई-मेलचें खातें. आमच्या एका विद्यार्थिनीनें बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांतले आठ आठवडे मोठ्या निष्ठेनें पुरे केले. एकहि गृहपाठ चुकवला नाहीं. नवव्या आठवड्यांत तिचा जुना मोबाईल बिघडला. दुसऱ्या मोबाईलवर खातें उघडावें, तर पासवर्ड हवा. “पासवर्ड झेरॉक्सवाल्या दादाले माहीत होता, सर.” शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठीं दोन वर्षांपूर्वीं दादानें तें खातें काढून दिलें होतें, क्रमांक आपलाच घातला होता, आणि नंतर दुकान बंद करून तो पुण्याला निघून गेला होता. त्याच्या मनांत कपट नव्हतें. रांग मोठी होती आणि त्याला काम उरकावयाचें होतें, इतकेंच. पण एका मुलीच्या दोन महिन्यांच्या अभ्यासाची किल्ली एका परक्या माणसाच्या खिशांतून पुण्याला गेली, आणि त्या सत्राचे श्रेयांक तिच्या हातून गेले. तिची चूक कोणती, हें मला आजतागायत कोणी सांगूं शकलेलें नाहीं.

तिसरें नाणें नांवाचें. आमच्या महाराष्ट्रांत गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें. आधारपत्रावर बहुधा याच्या उलट. यंत्र पहिलें नांव विचारतें, तेव्हां गुणपत्रिका समोर ठेवून भरणारा मुलगा आडनांव लिहून मोकळा होतो. मुलीचें शिक्षण चालू असतांना लग्न झालें, तर मधलें नांव आणि आडनांव दोन्ही बदलतात, आणि एकाच बुद्धीच्या दोन व्यक्ति होतात. नांवाच्या घोटाळ्याचें हें दुखणें आमच्या जिल्ह्याला नवें नाहीं. गांधीजी 1936 सालीं ज्या खेड्यांत राहावयास आले, त्याचें नांव शेगांव. बुलढाणा जिल्ह्यांतलें शेगांव अधिक प्रसिद्ध. त्यामुळें टपालाचा घोटाळा होऊं लागला, आणि 1940 सालीं या खेड्याचें नांव सेवाग्राम झालें. राहणारा एवढा थोर, कीं यंत्रणेच्या सोयीसाठीं गांवानें नांव बदललें. त्याच्याशीं बोलतां यावें म्हणून व्हॉइसरॉय लिनलिथगो यांनीं आश्रमांत टेलिफोनहि बसवला. परंतु आष्टीकडच्या डोंगरपट्टींतल्या मुलीसाठीं कोणता व्हॉइसरॉय तार ओढील? तिला आपलें नांव यंत्राच्या मापानें कापून घ्यावें लागतें, आणि टेकडीवरच्या ज्या दगडाजवळ ‘रेंज’ येते, तो दगड शोधावा लागतो.

आणि इतकें करून दार उघडलें, तरी आंतली बैठक बदललेली असूं शकते. पूर्वींचे पुष्कळसे आभासी प्रयोग ‘फ्लॅश’ नांवाच्या साधनावर चालत. 31 डिसेंबर 2020 रोजीं त्या साधनाला मिळणारा आधार संपला, आणि ते प्रयोग नव्या पद्धतीनें पुन्हा लिहावे लागले. विद्यार्थ्याला या घडामोडींची वार्ता नसते. त्याला दिसतो तो एक करडा चौकोन. आणि आपल्यालाच कांहीं येत नाहीं अशी त्याची समजूत होते. खेड्यांतला विद्यार्थी यंत्राला दोष देत नाहीं, स्वतःला देतो. त्यानें मुकाट्यानें सोडून दिलेल्या अभ्यासक्रमांची नोंद कोठेंच होत नाहीं.

यावर माझे कांहीं मित्र म्हणतात, “अहो, हीं मुलें दिवसभर मोबाईलवर चित्रफिती पाहतात, त्यांना हें कसें जमत नाहीं?” पाहणें आणि शिकणें यांत अंतर आहे. चित्रफीत तळहाताएवढ्या कांचेवर दिसते; पण ब्युरेटची तोटी, मापाच्या रेघा आणि आंकड्यांचा तक्ता एकाच वेळीं त्या कांचेवर मांडला, म्हणजे बोटाखालीं तोटीच दिसेनाशी होते. त्यांतच भाषा इंग्रजी. इंग्रजींतून शिकलेल्या माझ्यासारख्याला त्या सूचना सोप्या वाटतात. मराठी माध्यमांतून आलेल्या मुलाला मात्र रसायनशास्त्राच्या आधीं सूचनांचेंच पृथक्करण करावें लागतें.

यावरचा उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं, आणि तो दिल्लीच्या हातांतहि नाहीं. महाविद्यालयाची संगणकाची खोली पांच वाजतां बंद होते. ती सात वाजेपर्यंत उघडी राहावी. शेवटच्या एस. टी.नें जाणाऱ्यांसाठीं ती सकाळीं तासभर आधीं उघडावी. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याचें ई-मेलचें खातें त्यानें स्वतःच्या हातानें, स्वतःच्या नांवानें, गुणपत्रिका आणि आधारपत्र दोन्ही समोर ठेवून काढावें, आणि पासवर्ड त्याच्याच वहींत त्याच्याच अक्षरांत लिहिलेला असावा. कोणते प्रयोग आज उघडतात आणि कोणते उघडत नाहींत, याचा एक कागद प्रयोगशाळेच्या दारावर लावावा. ज्या मुलीची हकीकत वर सांगितली, तिनें पुढच्या सत्रांत महाविद्यालयांतल्याच संगणकावर बसून नवें खातें काढलें, तोच अभ्यासक्रम पहिल्यापासून केला आणि परीक्षा दिली. ती उत्तीर्ण झाली. यांत तंत्रज्ञानाची कांहीं प्रगति झाली नव्हती. फक्त तिच्या शेजारीं अर्धा तास कोणीतरी बसलें होतें.

ज्ञानाच्या इतिहासांत डेव्हींचें नांव आहे, फॅरडेचें तर आहेच आहे. डान्सचें नांव एखाद्या चरित्रांत ओझरतें येतें आणि जातें. आमच्या जिल्ह्यांत डेव्हींची वाण आतां राहिलेली नाहीं. ते पडद्यावर वाटेल तेव्हां हजर असतात. फॅरडेहि कोठल्यातरी वाड्यावस्तीवर खचित जन्मत असतील. उणीव आहे ती डान्सची: सहापर्यंत थांबणाऱ्या कारकुनाची, बिघडलेली तार जोडणाऱ्या प्रयोगशाळेच्या परिचराची, आणि खातें काढून दिल्यावर पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून पोरीच्या हातांत ठेवणाऱ्या झेरॉक्सवाल्या दादाची. हें काम कोणाच्याहि कर्तव्यांच्या यादींत लिहिलेलें नसतें, त्याला भत्ता नसतो आणि त्याचा अहवालहि कोणी मागवीत नाहीं. परंतु तें झाल्यावांचून ‘सर्वांसाठीं खुलें’ ही केवळ दारावरची पाटी राहते, आणि पाटी वाचून परत जाणाऱ्यांची गणती करण्यास दाराशीं कोणीच बसलेलें नसतें.