रक्त आमचं, प्रबंध कुणाचा?



नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गल्लीत एखादं तरी पोर असतंच. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही, शाळेत निम्मे दिवस गैरहजर. थंडी पडली की हाडं ठणकतात. आई सांगते, "पोट्टं रातभर रडून राह्यलं जी, हात लावू देत नाही." हा आजार आदिवासींत आहे आणि आपल्यात आहे. इतर जातींतही सापडतो, पण भार आपल्यावर जास्त.

मी लॅब टेक्निशियन. बारावीनंतर डीएमएलटी केलं, तेव्हापासून रक्त काढतो नि काचपट्ट्या बघतो. रक्ताच्या थेंबात मेटाबायसल्फाइटचं पाणी मिसळायचं, वर पातळ काच ठेवायची आणि थांबायचं. ऑक्सिजन संपत आला की गोल तांबड्या पेशी वाकतात. विळ्यासारख्या होतात. जो विळा आपल्या आया दुसऱ्याच्या शेतात जन्मभर चालवत आल्या, तोच पोरांच्या रक्तात दिसतो. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त पुढं सरकत नाही, म्हणून ते ठणकणं.

विदर्भातल्या महारांच्या रक्तात सिकलसेल सापडल्याचं 1950 च्या दशकातच शास्त्रीय मासिकांत छापून आलं. तेव्हापासून आपण बाह्या सरकवून हात पुढं करतोय. किती शिबिरं झाली, किती नळ्या भरल्या. त्यावर प्रबंध झाले. प्रबंधांतल्या तक्त्यांत आपली जात एका रकान्यात सापडते. लिहिणाऱ्यांच्या यादीत आपलं माणूस मात्र शोधावं लागतं.

कुणी म्हणेल, त्यानं काय बिघडलं? विज्ञानाला का जात असते? विज्ञानाला नसेल. प्रश्न विचारणाऱ्याला असते. कुणाचं रडणं त्याच्या कानावर पडतं, यावर तो काय विचारणार हे ठरतं.

एकच उदाहरण देतो. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असं बरीच वर्षं लिहिलं गेलं. 1980 च्या दशकात ओडिशातल्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकून राहतं, म्हणून त्रास कमी, असा निष्कर्ष निघाला. तो साऱ्या देशाला लागू झाला. पुढं नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी लहान पोरांच्या नीट नोंदी ठेवल्या, तेव्हा दिसलं की इथला आजार काही सौम्य नाही. वारंवार भरती, वारंवार रक्त चढवणं. हे वस्तीतल्या बाईला आधीच ठाऊक होतं. पण तिचं सांगणं शास्त्र व्हायला कुणीतरी ते मोजावं लागतं, लिहावं लागतं. तो मोजणारा तिचाच पोरगा, तिचीच पोरगी असती तर इतकी वर्षं गेली असती का?

दुसरी गोष्ट रक्ताच्या बदनामीची. एका दवाखान्यात माझ्यासमोर एक डॉक्टर एका बापाला म्हणाले, "तुमच्या लोकांतच असतो हा." बाप मान खाली घालून गेला. त्याला कुणी सांगितलं नाही की हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा घटक बदलतो, एवढाच हा प्रकार. बदललेलं जनुक एकाच पालकाकडून आलं तर माणूस वाहक होतो, आणि लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून बराच वाचतो. म्हणून जिथं मलेरिया, तिथं हे जनुक टिकलं. आफ्रिकेत टिकलं, अरबांत टिकलं, ग्रीसमध्येही टिकलं. यात शुद्ध-अशुद्ध काही नाही. हे ठणकावून सांगायलाही शिकलेला माणूस लागतो.

आता आपल्या चळवळीबद्दल. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्या ब्लॅक पँथरनं 1971 साली काय सुरू केलं होतं माहीत आहे? काळ्यांच्या वस्त्यांत सिकलसेलची फुकट तपासणी. आमच्या आजाराला पैसा का नाही, हा त्यांचा सवाल होता. तिकडं हॉवर्ड विद्यापीठात रोलंड स्कॉट नावाचे काळे बालरोगतज्ज्ञ कितीतरी वर्षं हेच आकडे मांडत होते. 1972 साली अमेरिकन सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षी स्कॉटनी हॉवर्डमध्ये सिकलसेल केंद्र काढलं. रस्त्यावर पँथर, प्रयोगशाळेत स्कॉट. आपण पँथरचं नाव घेतलं, आवेश घेतला. आपला स्कॉट अजून व्हायचाय.

वाट सोपी आहे असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी कसा भेदभाव होतो, ते थोरात समितीनं 2007 साली लिहून ठेवलंय. बार्टीच्या फेलोशिपसाठी 2023 साली आपल्या पीएच.डी.च्या पोरांना आझाद मैदानात बसावं लागलं. तरी वाट आहे. नीट हुकली म्हणजे सारं संपलं, हे आधी पोरांच्या डोक्यातून काढा. बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी घेता येते. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत बारावीनंतर थेट जाता येतं. एम.एस्सी.नंतर नेटची जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, वर घरभाडं. आणि एमबीबीएस झालेल्या आपल्या पोरांनाही सांगा, फक्त दवाखाना थाटू नका, एमडी पॅथॉलॉजीकडंही बघा.

1 जुलै 2023 ला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी, मुदत 2047. म्हणजे रक्त पुन्हा आपलंच जाणार. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली. किंमत एका माणसाला बावीस लाख डॉलर. वीटभट्टीवर राबणाऱ्या बापाच्या पोरापर्यंत तो कसा पोचायचा? उन्हात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, मग भट्टीवरच्या वाहकाचं, रुग्णाचं काय होतं? हे प्रश्न सुचतील ते भट्टीवर वाढलेल्या पोरालाच.

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. बाबासाहेब आधी संशोधक होते, हे आपण मिरवणुकीत विसरतो.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझं एकच मागणं आहे. यंदाच्या जयंतीत डीजेच्या वर्गणीतून काही हजार बाजूला काढा, एक साधा मायक्रोस्कोप घ्या नि विहारात ठेवा. नववी-दहावीची पोरंपोरी बोलवा. काचपट्टी कशी करायची ते शिकवायला मी येतो, जाण्यायेण्याचा खर्चही नको.